नानकटाईच्या भट्टीतलं पातं

दाजी,

चौकातल्या फ्लेक्सवर तुम्हाला टाय घातला आहे. तुमच्या लेकानं, नितीननं फोटो दिला होता तो साध्या शर्टातला. कोट आणि टाय छापणाऱ्यानं पदरचे चढवले. खाली लिहिलंय, 'पोलादी पुरुषास भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याखाली तुमच्याहून मोठ्या आकारात श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे. त्यातल्या एकानं गॉगल लावलाय, बहुधा रडून सुजलेले डोळे लपवायला. रोज दूध आणायला जाताना माझी त्या टायशी गाठ पडते आणि रोज वाटतं, घरी जाऊन तुम्हाला सांगावं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "फुकट मिळालाय ना, मेहुणीबाई? मग राहू द्या. वर थंडी असंल."

शोकसभाही झाली. वक्ते म्हणाले, दिनकरराव गंजले नाहीत, मोडले नाहीत, वाकले नाहीत. तुमचं पोलाद गंजतं, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचात: लिंबू कापलं की सुरी लगेच पुसा. मोडतंही. वाकत मात्र नाही. म्हणजे तिन्हीपैकी एक बरोबर. शोकसभेच्या मानानं बरंच म्हणायचं. मला हसू आलं आणि शेजारी वळून पाहिलं, तर तिथं तुम्ही नव्हतात, कारखानदारांच्या संघटनेचे खजिनदार होते.

माझं एका जागी बूड टेकत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. दोन ओळी लिहिते, उठते, ओट्यावरून फडकं फिरवते, पुन्हा येते. अक्का म्हणते, "कुंदे, तुझ्या पायात भोवरा हाय का?" तिला कसं सांगू, की माझ्या एकटीच्या घरात संध्याकाळी कोणीतरी भांडायला यायचं, ती सोय बंद पडली आहे.

आपलं मुख्य भांडण धारेवरून होतं. चिकलठाण्याच्या टूलरूममध्ये तुमचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर तुम्ही तिथलंच पोलाद घरी आणलंत. पत्रा कापणारे डाय ज्याचे करतात ते, ज्याला तुम्ही सगळे एचसीएचसी म्हणायचात. वर्षानुवर्षं पत्रा कापून झिजत नाही, आणि शेवटी झिजलं म्हणून कारखाना भंगारात काढतो तेव्हाही त्यात तुमच्यासारखा जीव शिल्लक असतो. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये त्याच्या सुऱ्या तुम्ही करायला लागलात. पुण्याहून माणसं यायची, मुठीवर हात फिरवायची, तुम्हाला 'आर्टिस्ट' म्हणायची. एकदा तुम्हाला स्मृतिचिन्ह मिळालं, फायबरचा सोनेरी हातोडा. तुम्ही तो शेडच्या दाराला अडसर म्हणून लावलात आणि वर सांगितलंत, "कामाला तरी आला."

मला सुरी दिलीत तेव्हा ओट्यावर ठेवून दोन पावलं मागं सरकलात.

"हातात द्या की."

"सुरी हातात देऊ नये. भांडण होतं."

"आपलं तसंही होतंच."

"होतं. पण त्याला कारण नको मिळायला. घेणाऱ्यानं आपणहून उचलावी."

ती सुरी कांद्यातून, दुधीतून, लाल भोपळ्यातून पाण्यातून जावी तशी गेली आणि जातच राहिली. वर्ष झालं तरी तिला काही होईना, तेव्हा मला राग यायला लागला. मी म्हणाले, दाजी, ज्या सुरीला धार लावायची तर अख्खी दुपार जाते, तिचा हा गुण म्हणायचा की माज? आमच्या लहानपणी दारावर धारवाला यायचा. सायकल स्टँडवर उभी करून पायडल मारायचा, ठिणग्या उडायच्या, आणि विळीला धार लागेपर्यंत चार गल्ल्यांच्या खबरा कळायच्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुम्हाला सुरी नको, मेहुणीबाई. तुम्हाला बातमीदार पायजे."

माझं म्हणणं होतं की वस्तू थोडी बोथट व्हावी, माणसानं तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळावं. तुमचं म्हणणं होतं की वस्तूनं माणसाला त्रास देऊ नये. हे भांडण मिटलेलं नाही. तुम्ही गेल्यामुळे ते मी जिंकले असं मी मानत नाही.

दुसरं भांडण माझं नव्हतं, अक्काचं होतं. ज्या घरात सुऱ्या व्हायच्या त्या घरात तुमची बायको माहेरची विळी घेऊन जमिनीवर बसायची. तुम्ही तिच्यासाठी किती सुऱ्या केल्यात! लांब, आखूड, हलक्या. ती प्रत्येकीला हळदीकुंकू लावून कपाटात ठेवायची, जणू देवीची साडी. तुम्ही चिडून म्हणायचात, "सुरी हातासंगं चालते. विळी माणसाला बसवून ठेवते." ती म्हणायची, "बसूनच चिरायचं असतं. उभ्यानं चिरलेली भाजी घाईची लागते." खंडेनवमीला तुम्ही शेडमध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडायचात, आणि ती येऊन मधोमध आपली विळी ठेवायची. तुम्ही तोंड वाकडं करायचात. पण पहिलं बोट कुंकवाचं विळीलाच लावायचात. मी पाहिलंय.

मग तिचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं, आणि विळी भिंतीला टेकून उभी राहिली. अक्का टेबलाशी खुर्चीवर बसून तुमच्या सुरीनं भेंडी चिरायला लागली, एखादी शिक्षा भोगावी तशी. तुम्ही जिंकला होता. मी वाट पाहत होते, आता दाजी काहीतरी बोलतील. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, वयानं शहाणे झाले.

गेलात त्या सकाळी तुम्ही फर्नेस लावली होती. जेवताना अक्काला म्हणालात, "दुपारी शहागंजला जाऊन येतो. टोस्ट आणायचे का?" ती म्हणाली, "आणा, पण जिऱ्याचे." मग जरा आडवे झालात, छातीत भरून आलं म्हणालात, आणि पुढचं सगळं दवाखान्यात झालं. जिऱ्याचे टोस्ट हे तुमच्या संसारातलं शेवटचं बोलणं. मोठ्या माणसांच्या चरित्रात असं काही छापत नाहीत, म्हणून ती चरित्रं माझ्या गळी उतरत नाहीत.

राख सावडून सगळे आले त्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. शेडचं दार उघडं दिसलं. लावायला गेले तर आत टेबलफॅन फिरत होता. तुम्ही गेलात त्या सकाळपासून तो फिरतच होता, कोणालाच बंद करायचं सुचलं नव्हतं. त्याच्यासमोर ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्या एकमेकींवर. तुमचं हे पोलाद पाण्यात नाही, तेलात नाही, वाऱ्यावर थंड होतं, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलेलं. वरची पाटी उचलली. आत पातं होतं, काळं, पोटात वळलेलं, पुढं नाक काढलेलं, आणि नाकाच्या टोकाला खोबऱ्याच्या खवणीचे दाते.

सुरी नव्हती. विळी होती.

ग्राइंडरच्या मागं सागवानी पाटही सापडला. त्याला टेबलाच्या कडेला आवळायचा शिकंजा होता, खुर्चीत बसून चिरता येईल अशा बेतानं.

मी तिथंच स्टुलावर बसले. रडायचं सोडून मला घामच फुटला, कारण मला माहीत होतं की हे पातं कच्चं आहे. लाल तापवून गार केलं, म्हणजे हार्डनिंग झालं, की पोलाद चिडलेलं असतं, असं तुमचं म्हणणं. लगेच त्याला मंद आचेवर धरायचं, टेंपर द्यायचा, म्हणजे ते निवतं. नाहीतर आपल्याच ताणानं तडकतं, आज, उद्या, केव्हाही. तुमच्या फर्नेसला मंद आच जमायची नाही. "तिला धीर नाय, तुमच्या अक्काची बहीण दिसती," असं तुम्ही तिच्याबद्दल म्हणायचात. म्हणून टेंपरसाठी तुम्ही शहागंजात युनूसभाईंच्या बेकरीत जायचात. पाव निघाले, भट्टी जराशी उतरली की नानकटाईच्या ट्रेशेजारी तुमची पाती. एकदा लग्नाच्या गडबडीत एक सुरी तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी आपण पोहे खात होतो आणि शेडमधून आवाज आला, टिंग. स्टीलचा पेला पडावा तसा. तुम्ही पोह्यांची ताटली खाली ठेवलीत, न बघताच म्हणालात, "गेली."

मी अण्णांकडे गेले. तुमचे थोरले बंधू ओसरीवर घोंगडीवर बसले होते आणि बिडकीनहून आलेल्या पाहुण्यांना सुतकाचे नियम समजावून सांगत होते. गरज नसलेलेही.

"हत्याराला हात लावायचा नाय, कुंदाबाई," ते म्हणाले. "आमच्यात गेलेल्या माणसाची हत्यारं तेराव्यापर्यंत जागची हलवत नाहीत. बाप गेला तवा औत वावरात तसंच उभं व्हतं. पाऊस पडला वरून. हलवलं नाय."

"अण्णा, हे तडकेल."

"तडकलं तर त्याचं नशीब."

मी अशा नियमांना एरवी हसते. या वेळी हसता येईना. त्या आठवड्यात तुमच्याबद्दल जे जे बोललं गेलं, त्यात तुमच्या हातांची आठवण ठेवणारं हे एकच होतं. तुमची पक्कड जिथं ठेवलीत तिथंच आहे, हे बघून मलाही बरं वाटत होतं. पण पोलादाला सुतक कळत नाही, आणि अण्णांना पोलाद.

तेव्हापासून मी ओसरीवर भेटायला येणाऱ्यांत बसायची आणि कान मागच्या शेडकडे लावायची. कुणी सांगायचं, भाग्यवान, काही हाल झाले नाहीत. मी 'हो' म्हणायची आणि ऐकायची. स्वयंपाकघरात पेला पडला की माझा हात छातीशी जायचा. शेजारच्या जोशीबाईंना वाटलं, मेहुणीनं फारच मनाला लावून घेतलंय.

अक्काच्या नजरेतून काही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "कशाला कान देतीस गं मघापासून?"

सांगितलं. ती बराच वेळ आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली.

"विळी?"

"हो."

"टेबलाला लावायची?"

"शिकंजा केलाय. खवणीसकट."

"मला म्हणाले असते तर काय जीभ झिजली असती?" ती म्हणाली आणि उठली. भिंतीला धरत ओसरीच्या दारापर्यंत आली. अण्णा तिला पाहून सावरून बसले.

"भावजी, मामंजी गेले तवा चुलीवर दूध व्हतं."

अण्णांना काही उमगेना. "व्हय. मग?"

"सासूबाईंनी काय केलं? आधी दूध उतरवलं, मग हंबरडा फोडला. तुम्ही तिथंच उभे व्हता. तेराव्यापर्यंत चुलीवर ठेवलं नव्हतं."

"सुमन, दूध वेगळं, हत्यार वेगळं."

"काय वेगळं? ते अजून हत्यार झालंय कुठं? आचेवरचं सामान हाय ते. ज्यानं ठेवलं त्याला उतरवता आलं नाय. मग घरातल्यानं उतरवायचं."

बिडकीनचे पाहुणे अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी खाली बघितलं, घोंगडीची एक दशी ओढली, दुसरी ओढली. मग उठले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मला म्हणाले, "चला. हलवायचंच असलं तर भावानं हलवावं."

दाजी, तुम्ही ती रिक्षा बघायला हवी होती. अण्णांनी पातं उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, बारशाच्या मुलासारखं. शहागंजच्या अलीकडे खड्डा आला तसे ओरडले, "हळू घे रे बाबा, कच्चं हाय!"

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "अंडे है क्या, चाचा?"

"लोखंड हाय."

तो हळू चालवायला लागला.

युनूसभाई भट्टीसमोर उभे होते. आम्हाला पाहिलं, उपरण्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"लाए तुम लोगां?" ते म्हणाले. "या अल्ला. उस दिन मैं जगा रखको बैठा था. दिनकरभाई सुबू फोन करको बोले, भाभी की चीज है, बीच में रखना. मिट्टी कू आया था मैं, पन मय्यत के घर में लोहे की बात किसकू बोलना, कैसा बोलना? तब से खारी जल रही मेरी, आपा. ध्यानच नै काम में."

म्हणजे शहरात ती टिंग ऐकायला आणखी एक माणूस कान लावून बसला होता. मला इतकं बरं वाटलं, की शोकसभेतल्या सगळ्या भाषणांनी मिळून वाटलं नाही.

तुम्ही करायचात तसंच त्यांनी केलं. दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला दोरी बांधली, पात्याच्या भोकातून ओवली, ते अधांतरी लोंबू दिलं आणि नखानं टिचकी मारली. आत चीर गेली असेल तर थड वाजतं, नाहीतर गातं. अण्णांनी डोळे मिटले.

ते वाजलं. लांब, बारीक, देवळातल्या लहान घंटीसारखं, आणि वाजत राहिलं.

"साबूत है," युनूसभाई म्हणाले आणि पाठ फिरवून भट्टीचं दार उघडायला लागले. पाठ जरा जास्तच वेळ फिरवलेली होती.

टेंपर दोनदा द्यावा लागतो, मधे पातं हाताला सोसेल इतकं थंड होऊ द्यायचं. आम्ही मैद्याच्या पोत्यांवर बसून राहिलो. चहा आला. अण्णा म्हणाले, "सुतकात बाहेरचं चालत नाय." युनूसभाईंनी आग्रह केला नाही, ग्लास त्यांच्याजवळ ठेवला आणि कामाला लागले. पहिल्या फेरीच्या शेवटी नानकटाईचा वास सगळीकडे भरला. अण्णांनी ग्लासाकडे बघत मला विचारलं, "साखर घातली असंल का वो?" मी म्हणाले, प्यायल्याशिवाय कसं कळणार? ते निवलेला चहा एका घोटात प्याले. मग हळूच म्हणाले, "दिन्या इथं यायचा, आन मला कधी बोलला नाय." तुमचा सत्तर ओलांडलेला भाऊ मैद्यानं पांढरा झालेला, आणि तक्रार काय, तर मला बेकरीत नेलं नाही.

निघताना युनूसभाईंनी जिऱ्याचे टोस्ट बांधून दिले. मी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही दर खेपेला तेच न्यायचात म्हणे.

घरी अण्णांनी पातं अक्कासमोर टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकले. कोणी शिकवलं नव्हतं. तुमच्या घराण्याचीच रीत असावी. अक्कानं ते बघितलं, मग आपणहून उचललं. नाकावरून बोट फिरवलं, खवणीचे दाते एकेक चाचपले.

"दाते जवळ झाले," ती म्हणाली. "खोबरं अडकंल." आणि मग तिला रडू आलं, त्या दिवसांत पहिल्यांदाच.

मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, की हे कधी ठरवलंत? ती सुरीनं भेंडी चिरत होती आणि तुम्ही काही बोलत नव्हता, तेव्हा का? जिंकल्यावर माणसाला इतकं अस्वस्थ व्हायला होतं का? खंडेनवमीला तुम्ही ती गुपचूप मधोमध मांडणार होता आणि अक्काचं तोंड बघणार होता, असा माझा कयास आहे. विचारायला आता उशीर झाला. हा कयास मी खरा धरून चालणार आहे, तुमची हरकत असेल तर कळवा.

पातं शिकंज्यात बसलं, पण त्याला धार कुठं होती? धार टेंपरनंतर लावायची असते आणि ती लावणारा गेलेला. तेराव्यानंतर टूलरूममधले तुमचे जुने सोबती आले. म्हणाले, वहिनी, द्या, चाकावर धरून दुपारपर्यंत वस्तऱ्यासारखी करून आणतो. नितीन म्हणाला, पुण्यात याची मशीन आहे.

अक्का म्हणाली, "नको. ह्यांची ती हिऱ्याची पट्टी कुठं हाय?"

तुमची धार लावायची पट्टी मी शेडमधून आणून दिली. ती काढताना पक्कड जागची हलली, हातोडा दाराशी आहे तसाच आहे.

"अक्का, हे साधं लोखंड नाही," मी म्हणाले. "ह्याला धार लागता लागता दमशील. रोज घासलंस तरी वर्ष जाईल."

"जाऊ दे की. मला कुठं गडबडीनं जायचंय?"

म्हणून ती आता रोज सकाळी टेबलाशी बसते, पट्टीवर दोन थेंब पाणी टाकते आणि पात्याला घासते. थोडं घासून झालं की अंगठा लावून बघते, मान हलवते आणि एखादी काकडी चिरायला घेते. काकडी चिरत नाही, चेंगरते. तीच आम्ही खातो. कधीकधी ती घासता घासता तुमच्याशी भांडते, दाते जवळ केले म्हणून.

मी अजून इथं तिथं फिरते. पण पेला पडला तर आता दचकत नाही. हे लिहीत असताना मागच्या खोलीतून आवाज येतोय. बारीक खरखर, थांबते, पाणी पडतं, पुन्हा खरखर. आज तरी धार लागलेली नाही.